जुनी स्कॉर्पिओ की एक्सयूव्ही ५००? मागं ट्रॉली ओढायचीय

होटगी रोडवाला: मंडपाचा धंदा आहे. लग्नसराईत जनरेटरची छोटी ट्रॉली, एरवी घरची सहा माणसं घेऊन तुळजापूर, अक्कलकोट. बजेट सात लाख. आईचे गुडघे दुखतात, तेवढं ध्यानात ठेवून सांगा ओ.

जुळे सोलापूरकर: एक्सयूव्ही. १४० बीएचपीची ताकद, आत बसायला आराम. घ्या डोळे झाकून.

गॅरेजवाला अण्णा: डोळे उघडे ठेवा दादा! एक्सयूव्ही बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात. मागं हुकावर वजन आलं की नाक उचलतं, तुळजापूरच्या घाटात पुढची चाकं फिरत राहतात. स्कॉर्पिओचा जोर मागच्या चाकांना, शिवाय चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, बॉडीपासून वेगळी, हुक थेट तिलाच बसतो. बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच चालू करा. चढावर एक्सलेटर दाबल्यावर नुसता आवाज वाढला, वेग नाही, तर क्लच संपलाय; तेवढे पैसे कापून घ्या. आणि मागची बाकं समोर तोंड करून असलेली बघा, आडवी नकोत. आईंना मधल्या सीटवर बसवा, पायदान लावून घ्या.

होटगी रोडवाला: ट्रॉलीचं पासिंग वेगळं का?

गॅरेजवाला अण्णा: वेगळंच, नंबरही वेगळा. आधी आरटीओत विचारा, मग हुक लावा.