मदत हवी आहे: घरटॅक्सच्या नोटीसमध्ये बांधकाम जास्त आणि नसलेला भाडेकरू दाखवलाय, हरकत कशी घ्यायची? (नागपूर)

नमस्कार मंडळी, मानेवाड्याकडे आमचं घर आहे, बाबांनी १५०० फुटांच्या प्लॉटवर बांधलेलं, खाली ९०० फूट, वर एक खोली आणि बाकी मोकळी गच्ची. नकाशा मंजूर आहे, टॅक्स बाबांनी आजवर कधी थकवला नाही. आता नव्या आकारणीची नोटीस आली आणि रक्कम दुपटीच्या वर गेली आहे. मी पुण्यात असतो, आईने नोटीसचा फोटो पाठवला त्यात खालचा माळा १२१ चौरस मीटर लिहिलाय, म्हणजे १३०० फूट! समोर, मागे, बाजूला जागा सोडून १५०० च्या प्लॉटवर १३०० फूट बसणार कुठे? मला वाटतं पोर्चवरचं टिनाचं शेड आणि बाजूची फरशी टाकलेली मोकळी जागा, सगळंच बांधकामात धरलं.

दुसरं म्हणजे वरची खोली भाड्याने दाखवली आहे. तिथे माझा आतेभाऊ राहतो, कॉलेज करून राहिला, त्याच्याकडून एक पैसा घेत नाही. सर्व्हेची मुलं दुपारी आली तेव्हा आई एकटी घरी होती, वर कोण राहतं विचारलं, ती म्हणाली भाचा राहतो, आणि वर चहापुरता छोटा गॅस दिसला, झालं, लिहून टाकलं भाडेकरू. पैशाचं तर आहेच पण बाबांना जास्त लागलंय ते हे, की आपण भाडं लपवत होतो असा त्याचा अर्थ निघतो. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेजारचे म्हणतात भरून टाका, कुठे भांडत बसता. हरकत कशी लिहायची, सोबत काय जोडायचं, आणि तोवर टॅक्स भरायचा की नाही, कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

संत्रानगरी:
भाऊ, भरून टाका म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. नवीन आकारणी पुस्तक (कोणत्या घराला किती टॅक्स, त्याची नोंदवही) चार वर्षांतून एकदा केलं तरी कायद्यात चालतं, मधल्या वर्षांत तेच आकडे पुढे ओढतात, म्हणजे आज गप्प बसले तर हेच दरवर्षी भरत राहाल. पहिले नोटीसवर हरकतीची शेवटची तारीख बघा, ती गेली तर सगळं अवघड होते. अर्ज झोन ऑफिसला आवकमध्ये द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, नंबर, तारीख घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. नोटीस बाबांच्या नावाने असेल तर अर्जावर सही बाबांचीच.

मनीषा_प्रतापनगर:
आमच्याकडेही मोजणीचाच घोळ होता. "टॅक्स जास्त आहे, कमी करावा" एवढंच लिहू नका दादा, त्याने काही होत नाही. टॅक्स वार्षिक भाडेमूल्यावर (घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल, तो अंदाज) लागतो, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात, म्हणजे क्षेत्रफळ किंवा वापर चुकला की पुढचं सगळं चुकतं. म्हणून दोन वेगळे मुद्दे लिहा, एक क्षेत्रफळ, एक वापर. पहिल्याला मंजूर नकाशा आणि शेडचे चारही बाजूने फोटो, दुसऱ्याला वीजबिल (पूर्ण घराला एकच मीटर असेल तर ते ठळक लिहा), भावाचं कॉलेजचं आयडी, आणि भाडं घेत नाही असं बाबांचं प्रतिज्ञापत्र. शेवटी मौका चौकशी करून फेरमोजणी करावी ही मागणी नक्की टाका, आमचं काम त्यानेच झालं, इन्स्पेक्टर टेप घेऊन आले आणि स्वतःच म्हणाले की हे चुकलं आहे.

तोवर सर्व्हेचं पत्रक माहिती अधिकारात मागते कोणी कोणी, मागा, पण त्याला ३० दिवस लागू शकतात, त्याच्यासाठी हरकत थांबवू नका.

वकीलकाका_धंतोली:
सुनावणीची तारीख आली की कोणीतरी हजर राहाच. अर्जदार आला नाही तर त्याच्या गैरहजेरीत निकाल देता येतो. निकाल पटला नाही तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील आहे, पण मुदत फक्त १५ दिवस, आधी हरकत घेतलेली असली पाहिजे आणि मागणीची रक्कम जमा करावी लागते. त्यामुळे खरी लढाई सुनावणीतच जिंकायची. आणि बिल हातात आलं तर हरकत चालू आहे म्हणून बसून राहू नका, थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. हरकत कायम ठेवून भरत आहोत असं पत्र देऊन भरा, निकाल तुमच्या बाजूने लागला की जास्तीची रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागा.

मूळ धागाकर्ता:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. मनीषाताई, मीटर एकच आहे आणि बिल घरगुतीच येतं, हे मला सुचलंच नसतं. तारखेला अजून वेळ आहे, शनिवारी येतोय नागपूरला, नकाशा बाबांच्या पेटीत आहे. शेडला तिन्ही बाजूने भिंत नाही, नुसते पाइप आहेत, तरी ते बांधकामात धरतात का? तेवढं कोणाला माहीत असेल तर सांगा, अर्जात कसं मांडायचं ते त्यावर आहे.

मनीषा_प्रतापनगर:
आमच्या शेडचं वेगळं मोजमाप लिहून "उघडे, भिंती नाहीत, फक्त गाडी ठेवण्यासाठी" असं दिलं होतं आणि ते घराच्या क्षेत्रफळातून काढून वेगळ्या कमी दराने लावलं. तुम्हीही शेडची लांबी रुंदी वेगळी द्या, ९०० मध्ये मिसळू नका. आणि बाबांना सुनावणीला सोबत घेऊन जा, त्यांना स्वतः बोलू द्या.