डोंगरांची ओढ आहे, इकॉलॉजीत शिरायचंय

कातळवाट: बॉटनीत बीएस्सीचं शेवटचं वर्ष. सह्याद्रीत भटकणं नेहमीचं. पुढे फील्ड इकॉलॉजी करायचीय. एमएस्सी कुठून करावी, आणि तोवर डोंगरात नेमकं काय शिकावं?

दवबिंदू: देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची वाइल्डलाइफ सायन्स आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेची वाइल्डलाइफ बायॉलॉजी अँड कॉन्झर्व्हेशन, दोन्ही दोन वर्षांच्या एमएस्सी. प्रवेश दरवर्षी निघतातच असं धरून चालू नका, आत्ताच चौकशी करा. वनस्पतींकडेच ओढा असेल तर विद्यापीठातली बॉटनीची एमएस्सीही उत्तम, प्रकल्प मात्र फील्डचा घ्या. आणि संख्याशास्त्र टाळू नका! 'आर' हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आजच सुरू करा. डोंगर चढणारे पुष्कळ असतात, स्वतःच्या नोंदींचं विश्लेषण करणारे फार थोडे.

वायतुरा: आधी चौकट टाकायला शिका, म्हणजे ठरावीक मापाचा चौकोन जमिनीवर ठेवून त्याच्या आतल्या वनस्पती नोंदवायला. सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) फुलांना १ मीटर × १ मीटर पुरते. पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो (काटकोनी जोड) घ्या, चिकटवायचं सोल्यूशन लावू नका, म्हणजे सुटी करून सॅकला बांधता येते. एल्बोमुळे माप वाढतं, म्हणून आतली बाजू १ मीटर भरते का ते टेपने बघा. नुसती दोरी नको. वाऱ्याने चौकोन तिरका झाला की बाजू तेवढ्याच राहतात, पण क्षेत्रफळ घटतं.

जागा घरूनच यादृच्छिक निवडून जीपीएसमध्ये टाका. फुलं दिसली तिथे चौकट ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. कोरा कातळ आला तर शून्य लिहा. शून्यं गाळली की सडा आहे त्याहून दाट दिसतो. गवताची रोपं मोजत बसू नका, आच्छादनाची टक्केवारी लिहा. गेंद (एरिओकॉलॉन) या सड्यावरच्या छोट्या वनस्पतीच्या प्रजाती बहुतेकदा सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतात; तिथे 'गेंद १', 'गेंद २' लिहा, अंदाजाने नाव ठोकू नका.

दवबिंदू: झाडांना १० मीटर × १० मीटरचा प्लॉट. खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजा, उतारावर असाल तर चढाकडच्या बाजूने. त्याखालीच फांद्या फुटल्या असतील तर प्रत्येक खोड वेगळं मोजा. प्लॉट आखताना टेप आडवी धरा, उताराला टेकवलीत तर प्लॉट लहान होतो.

कातळवाट: कासवर चौकट टाकली तर चालेल?

वायतुरा: वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नाही. कोकणातले बरेच सडे खाजगी आहेत, मालकाला विचारून तिथे सुरुवात करा. एकाच जागी जूनअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी जा, प्रजाती बदलत जातात. चालताना पाय कोऱ्या कातळावर ठेवा, मातीच्या पातळ थरावर नको.