मदत हवी आहे: कोल्हापुरी चप्पल, जीआय आणि अडलेला प्रबंध

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एलएलएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय बौद्धिक संपदा. प्रबंधाचा आराखडा पुढच्या महिन्यात द्यायचाय आणि मी एकाच प्रश्नापाशी अडून बसले आहे. जाणकारांनी कृपया वेळ काढावा.

जून २०२५ मध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि आपल्याकडे गदारोळ झाला, तो सगळ्यांना आठवत असेल. प्रादाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात केलेली जनहित याचिका १६ जुलैला फेटाळली गेली. जीआयचे, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाला मिळणाऱ्या भौगोलिक मानांकनाचे, नोंदणीकृत मालक स्वतः दाद मागू शकतात, असं न्यायालयाचं म्हणणं. हे मालक म्हणजे महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर, दोन्ही सरकारी महामंडळं. नोंदणीत दोन्ही राज्यांचे चार-चार जिल्हे आहेत.

मला आधी वाटलं होतं, जीआय आहे आणि नक्कल झाली, म्हणजे उल्लंघन झालंच. जीआयचा १९९९ चा कायदा नीट वाचला आणि माझं गृहीतकच ढासळलं. जीआय राखतो ते नाव, चपलेचा घाट नव्हे. आणि प्रादाने शोमध्ये 'कोल्हापुरी' हे नाव वापरलंच नव्हतं! मग कलम २२ च्या पहिल्या पोटकलमात मालाच्या सादरीकरणातून उगमस्थानाबद्दल दिशाभूल होण्याचा जो उल्लेख आहे, त्यात नुसतं रूप बसतं का? चपलेचा अंगठा, वेणी, कान बघितले की आपल्याला कोल्हापूरच दिसतं. पण मिलानच्या गिऱ्हाइकाला? त्याची दिशाभूल झाली असं कसं म्हणायचं? टी बोर्ड विरुद्ध आयटीसी हा दार्जिलिंग चहाच्या जीआयचा खटला वाचला, पण तिथला वाद नावाचाच होता. केवळ रूपावरून जीआयचं उल्लंघन ठरलेला एखादा निकाल कुणाच्या पाहण्यात आहे का? भारताबाहेरचा असला तरी चालेल.

दुसरी शंका माझ्या जास्त जिव्हाळ्याची. कलम २१ नुसार 'अधिकृत वापरकर्त्या'लाही दाद मागता येते. म्हणजे महामंडळ गप्प राहिलं तरी नोंदणी केलेला कारागीर एकटा दावा लावू शकतो, असं मी वाचते. बरोबर आहे का? असा दावा प्रत्यक्षात कुणी लावलाय का? बाभळीची साल नि हिरडा वापरून कमावलेलं कातडं ज्यांच्या हातून जातं, त्यांच्या हाती हा हक्क खरंच पोचतो की नाही, हेच मला प्रबंधात तपासायचंय.

युरोपीय संघात १ डिसेंबर २०२५ पासून हस्तकलेच्या वस्तूंनाही संघभर जीआय मिळू लागला आहे. त्यावर वेगळं प्रकरण लिहावं, की विषय हाताबाहेर जाईल?

मार्गदर्शक सर म्हणतात, नुसते निकाल चाळू नकोस, कोल्हापुरात सुभाषनगरला जाऊन चप्पल कारागिरांशी बोल. माझं आजोळ कोल्हापूर, 'पायताण' म्हणतच वाढले, त्यामुळे बोलायची अडचण नाही. पण छापील प्रश्नावली पुढे केली की माणसं आखडतात, हे एकदा अनुभवलंय. आणि ऐन कामाच्या वेळी त्यांचा तास घेणं मनाला पटत नाही. अशा मुलाखती तुम्ही कशा घेतल्यात? संमतीपत्रावर सही हवीच, की तोंडी संमतीचं रेकॉर्डिंग विद्यापीठ मान्य करतं?

या कारागिरांबरोबर काम केलेलं कुणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुढच्या आठवड्यात चार दिवस मी कोल्हापुरातच आहे.