ऑबफस्केशन म्हणजे सिक्युरिटी नव्हे, हे अजून सांगावं लागतंय

तिरसट टेस्टर:
काल इथे एका सद्गृहस्थांनी सल्ला दिला की ‘आर-८ चालू करा आणि पेमेंटची सीक्रेट की बिनधास्त ॲपमध्ये ठेवा, कोणाच्या बापाला सापडणार नाही’. (आर-८ म्हणजे अँड्रॉइड ॲप बनवताना कोडमधली नावं बदलून तो वाचायला अवघड करणारं साधन, यालाच ऑबफस्केशन म्हणतात. आणि की म्हणजे गुप्त किल्ली.) वर लोकांनी टाळ्याही वाजवल्या. प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा काढतोय.

ॲप फोडून बघणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. एपीके, म्हणजे ॲपची फाइल, जॅडएक्स या कोड उलगडून दाखवणाऱ्या टूलमध्ये उघडलं की क्लासचं नाव ‘ए’, मेथड ‘बी’, तिच्या पोटात ‘सी’. मान्य, डोकं दुखतं. पण अवतरणचिन्हांतला मजकूर आर-८ जसाच्या तसा सोडतो. सर्व्हरचा पत्ता, एरर मेसेज आणि तुमची ती लाडकी की, सगळं उघडं. मी कोड वाचायच्या भानगडीत पडतच नाही, आधी नुसता सर्च मारतो. स्ट्रिंगही (म्हणजे हा अवतरणचिन्हांतला मजकूर) एन्क्रिप्ट केल्यात? मग ॲप चालू असताना फ्रिडा लावायचं, म्हणजे चालू ॲपच्या आत डोकावणारं टूल. की वापरायच्या क्षणी मेमरीत उघडी व्हावीच लागते, तिथे धरायची. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, हे कर्कहॉफ्स या गुप्तलेखनाच्या अभ्यासकानं १८८३ मध्ये लिहून ठेवलंय. आपण अजून ‘ए बी सी’ करत बसलोय.

गेमवाला:
आला का कर्कहॉफ्स? म्हटलं अजून कसा नाही आला!
मी एकट्यानं शब्दकोड्यांचा गेम केला. कुणीतरी एपीके उलगडला, नाव-आयकॉन बदलला, माझ्या जाहिरातींचे आयडी काढून स्वतःचे घातले आणि चढवला. ‘जिंकलात!’ या स्क्रीनवर माझ्या मुलीनं काढलेलं तीन पायांचं मांजर होतं, तेही तसंच. तक्रार केली तर फॉर्मावर फॉर्म. शेवटी स्ट्रिंग एन्क्रिप्शन आणि सही तपासणी (ॲपवरची डिजिटल सही माझीच आहे ना, हे ॲपनंच बघायचं) घातली, तेव्हापासून नक्कल आलेली नाही. माझ्याकडे काही तिजोरी नाही. कुलूप बघून चोर कंटाळला आणि पुढच्या घरी गेला, मला तेवढं पुरे. तुम्ही पगारी लोक, तुम्हाला तत्त्वं परवडतात.

तिरसट टेस्टर:
पगार काढायची गरज नव्हती. तुमच्याकडे गुपित नाही, माल आहे. मालाला उशीर पुरतो, गुपिताला नाही. मी बोलतोय पेमेंट कीबद्दल. ती सर्व्हरवरच हवी, विषय संपला.

चिपकरी:
हार्डवेअरवाल्यांनी हे सगळं भोगून झालंय. मायफेअर क्लासिक हे टेकवून वापरायचं चिपचं कार्ड घ्या. आतला क्रिप्टो-१ हा एन्क्रिप्शनचा अल्गोरिदम गुप्त, की अवघी ४८ बिटांची. नोल आणि प्लॉट्झ या संशोधकांनी चिप थराथरानं घासली, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले आणि सर्किटमधले गेट ओळखत ओळखत २००७ च्या अखेरीस अल्गोरिदम बाहेर काढला. पुढे नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाचा यावरचा शोधनिबंध रोखायला एनएक्सपी ही चिप बनवणारी कंपनी कोर्टात गेली. जुलै २००८ मध्ये कोर्टानं नकार दिला. तेव्हा लंडनचं प्रवासाचं ऑयस्टर कार्डही याच चिपवर चालत होतं.

गेमवाला:
कार्ड बाजारात आलं १९९४ ला. तेरा वर्षं टिकलं की हो! माझा फोनसुद्धा एवढा टिकत नाही.

चिपकरी:
टिकलं हे कुणी सांगितलं? ज्यानं आधी फोडलं असेल तो पेपर छापून सांगणार होता का?

गणिती:
गणितानं २००१ मध्येच सांगितलंय (बराक आणि मंडळी) की कुठलाही प्रोग्राम घ्या आणि पूर्ण अपारदर्शक पेटी करून द्या, हे सरसकट अशक्य आहे. त्याहून कमकुवत व्याख्येचं ऑबफस्केशन मात्र जैन, लिन, सहाय यांनी २०२० मध्ये भक्कम गृहीतकांवर उभं केलं. ॲपमध्ये वापरण्याइतकं ते वेगवान अजिबात नाही.

मीनाताई:
तुमचं चालू द्या, मला आधारचं सांगा. परवा एका हॉटेलात मास्क्ड आधार दिलं, पहिले आठ आकडे झाकलेलं. रिसेप्शनवरचा मुलगा म्हणतो, “मॅडम, हे चालत नाही, ओरिजिनल द्या.” अरे, हे सरकारी साइटवरूनच उतरवलंय! मागे लोक ताटकळत उभे, आमचे हे म्हणतात देऊन टाक ना. शेवटी लायसन्स दिलं.

कोल्हापूरकर:
ताई, मे २०२२ आठवा. आधारच्या बेंगळुरू कार्यालयानं २७ तारखेला सांगितलं, झेरॉक्स कुणाला देऊ नका, मास्क्ड द्या. २९ ला सरकारनं ते मागे घेतलं, गैरसमज होईल म्हणे. त्या पोरानं काय समजायचं?
आणि ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड काय, तर नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल! आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याला लोक व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतात. तो फाइलवरचं नाव वाचतो, तोंडाकडे बघून दोन-चार सालं टाकतो, उघडली फाइल. गिऱ्हाईक खूश! त्याच्या डाउनलोड्समध्ये अख्खी पेठ पडून आहे.

तिरसट टेस्टर:
धागा आधारवर गेला. जाऊ दे, रोग तोच आहे. मोबाईल नंबर हॅश करून (म्हणजे सूत्रानं त्याचा ओळखू न येणारा ठरावीक कोड बनवून) ‘अनामिक डेटा’ म्हणून वाटणारे मी रोज बघतो. दहा आकडे, पहिला सहा ते नऊ, म्हणजे फार तर चार अब्ज शक्यता. सगळ्यांचे हॅश काढून जुळवून बघणं गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डाला किस झाड की पत्ती. न्यूयॉर्कच्या टॅक्सींचा २०१३ चा डेटा असाच एमडी-५ नावाचा हॅश करून दिला होता, १७ कोटींवर फेऱ्या. २०१४ मध्ये एकानं सगळे परवाना क्रमांक काही तासांत उलटे काढले.

मीनाताई:
म्हणजे आधार झाकूनही उपयोग नाही?

तिरसट टेस्टर:
आहे ना, ताई! मास्कमध्ये आकडे खरोखर काढून टाकतात, हॅशमध्ये नुसता वेश बदलतात. तुमचं मास्क्ड आधार उत्तम आहे, हॉटेलवाला चुकीचा.

गेमवाला:
चला, काहीतरी झाकलेलं चालतं म्हणाले साहेब! स्क्रीनशॉट काढून ठेवला.

तिरसट टेस्टर:
ठेवा. आणि तुमची सही तपासणी जावामध्येच असेल तर एक ओळ बदलली की गेली. नेटिव्ह कोडमध्ये (थेट यंत्रभाषेत उतरणाऱ्या, उलगडायला अवघड कोडमध्ये) हलवा, निदान माझी एक दुपार तरी जाईल.

कोल्हापूरकर:
ते असू दे. ताई, त्या लायसन्सची झेरॉक्स हॉटेलवाल्यानं ठेवून घेतली का? त्यावर पत्ता, जन्मतारीख, सगळं असतं.

मीनाताई:
झेरॉक्स नाही हो. त्यानं स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढला.