डॅनियल बूनच्या हातून केंटकीची जमीन का गेली?

रानवाट: अमेरिकेतला शिकारी आणि वाटाड्या डॅनियल बूनने १७७५ मध्ये कंबरलँड खिंडीतून केंटकीत वाट काढली, बून्सबरो हे गाव वसवलं. पण १७९९ मध्ये तो मिझुरीला गेला तोवर केंटकीतली जमीन जवळपास सगळी गेली होती. मोजणी तर तो स्वतः करायचा. मग चुकलं कुठे? आणि नदीपलीकडे ओहायोत जमिनीचे तंटे कमी का?

हद्दखूण: केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा भाग होता, आणि व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्यात जमीन मिळवायच्या चार पायऱ्या होत्या. वॉरंट, म्हणजे ठरावीक एकर जमिनीच्या हक्काचा कागद, विकत घ्यायचं (सुरुवातीला १०० एकरांना ४० पौंड), काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मोजणीदाराकडे नोंद करायची, मग मोजणी, शेवटी पट्टा, म्हणजे मालकीचा सरकारी कागद. घात व्हायचा नोंदीत. हद्द शब्दांत लिहीत: अमक्या झऱ्यापासून खूण केलेल्या ओकपर्यंत, तिथून ओढ्याने खाली. ओढ्याला दोन नावं असली किंवा ओक पडला की संपलं. वाचून तिऱ्हाइताला जागा सापडली नाही तर नोंद कोर्टात टिकत नसे. तीच जमीन आधी कुणी नोंदवली आहे का, हे सरकार बघत नसे. त्यामुळे एकाच तुकड्यावर कौलांसारखे पट्टे चढले. बूनला जंगल पाठ होतं, पण कागद वेळेत पक्के करण्यात तो मागे पडला.

साखळी६६: ओहायोत अमेरिकी काँग्रेसच्या १७८५ च्या अध्यादेशाने क्रमच उलटवला: आधी मोजणी, मग विक्री. मुळात ही कल्पना जेफरसन यांच्या समितीची. सहा मैल चौरस टाउनशिप, तिचे ३६ भाग, प्रत्येकी ६४० एकर; सोळावा भाग शाळेसाठी. मोजणीची साखळी ६६ फुटी, १०० कड्यांची; ८० साखळ्यांचा मैल. (६६ × ६६ फूट म्हणजे बरोब्बर आपले चार गुंठे.)

चुका इथेही होत. कड्या घासून साखळी इंचभर वाढली, तर मैलामागे ८० इंच जमीन जास्त जाते. उतारावर साखळी आडवी न धरता जमिनीलगत टाकली तर उलट: क्षेत्र कागदावर भरतं, प्रत्यक्षात कमी पडतं. शिवाय रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येतात, म्हणून चौकोन तंतोतंत जुळत नाहीत. पुढे ही तूट-वाढ उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेच्या भागांत ढकलायचा नियम झाला. माझ्या मते त्या काळातली ही सगळ्यात शहाणी तरतूद.

हद्दखूण: ओहायोतच पुरावा आहे. सायोटो आणि लिटल मायामी नद्यांमधला प्रदेश व्हर्जिनियाच्या सैनिकांसाठी राखीव होता. तिथे मोजणी जुन्याच पद्धतीची, आणि तंटेही केंटकीसारखेच.

रानवाट: म्हणजे चौकटीत घेतलेली जमीन साध्या शेतकऱ्याला सुरक्षित होती?

साखळी६६: परवडली तर. १७८५ मध्ये किमान ६४० एकर घ्यावे लागत, एकरी एक डॉलर. म्हणून आधी कंपन्या आल्या. रूफस पटनम यांची मॅरिएटा वसाहत १७८८ ची. १८२० मध्ये किमान ८० एकर, एकरी सव्वा डॉलर रोख, म्हणजे शंभर डॉलरांत शेत. आणि हे ‘सुरक्षित’ फक्त गोऱ्यांपुरतं. शॉनी, मायामी या मूलनिवासी लोकांच्या जमिनीवरच ही चौकट आखली जात होती. त्यांनी वर्षानुवर्षं झुंज दिली आणि १७९५ च्या ग्रीनव्हिल तहात ओहायोचा बहुतेक भाग गमावला.

हद्दखूण: अब्राहम लिंकन यांचे वडील टॉमस १८१६ मध्ये केंटकी सोडून इंडियानात गेले, ते मुख्यतः पट्ट्यांच्या भानगडींमुळे, असं अब्राहम लिंकन यांनीच लिहून ठेवलं आहे. वसून कसणाऱ्याला सरकारी जमीन जवळपास फुकट देणाऱ्या होमस्टेड कायद्यावर २० मे १८६२ ला सही झाली ती याच मुलाची.