अर्ध्या गुणाची किंमत

फॉर्म्युला वनमध्ये २०२१ ला बेल्जियमच्या स्पा इथल्या शर्यतीत सेफ्टी कारच्या (धोका असताना सगळ्यांना हळू चालवायला लावणाऱ्या पुढच्या गाडीच्या) मागे मोजक्या चकरा मारून अर्धे गुण वाटले, हा पोरखेळ होता हे शंभर टक्के मान्य. पण 'अर्ध्या-मुर्ध्या गुणांनी विजेतेपद थोडंच बदलतं' असं जे म्हटलं जातं, ते काही पटलं नाही. १९८४ चं मोनॅको बघा की. धो धो पाऊस, प्रोस्ट पुढे, आणि टोलमनसारख्या साध्या गाडीतला नवखा सेना दर चकरीला त्याला गाठत आलेला. प्रोस्ट हातवारे करून शर्यत थांबवा म्हणून सांगत होता. ती अर्धवट थांबवलीही, आणि म्हणून जिंकूनही त्याला नऊऐवजी अर्धे, म्हणजे साडेचारच गुण मिळाले.

मोसम संपला तेव्हा विजेता लाउडा ७२ गुण, प्रोस्ट ७१.५! म्हणजे शर्यत पूर्ण होऊन सेनाने त्याला मागे टाकलं असतं, तरी दुसऱ्या क्रमांकाच्या सहा गुणांनी प्रोस्ट ७३ वर गेला असता. वर त्या वर्षी प्रोस्टचे विजय सात आणि लाउडाचे पाच. स्पानंतर नियम बदलले ते बरंच झालं. आता किती अंतर कापलं त्यानुसार टप्प्याटप्प्याने गुण मिळतात आणि सेफ्टी कारविना निदान दोन चकरा तरी व्हाव्या लागतात.