बॉयलरचा झिर्कोनिया प्रोब बदलावा का? सल्ला हवा

ऊसकरी: साखर कारखान्यात बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) बॉयलरवर आहे. धुराच्या डक्टमधला झिर्कोनिया प्रोब ऑक्सिजन ४ टक्के दाखवतो, तिथेच हातातला ॲनालायझर ५.३. साहेब म्हणतात प्रोब गेला, नवा मागवा. ऐन हंगाम आहे. कोणता घ्यावा?

मिलीव्होल्ट: ऊसकरी, ऑर्डर थांबवा. प्रोब धूर वाफेसकट मोजतो. हातातलं यंत्र धूर थंड करून पाणी काढून टाकतं आणि मग मोजतं. बगॅसमध्ये निम्मं पाणीच, त्यामुळे धुरात आकारमानाने पाव भाग वाफ सहज असते. ४ ला ०.७५ ने भागून बघा, ५.३ येतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत!

तरी साहेबांची खात्री पटवायला प्रोबमधला सेल (ऑक्सिजन ओळखणारा भाग) तपासा. इट्रिया (यिट्रियमचं ऑक्साइड) घातलेल्या झिर्कोनियाच्या एका अंगाला रेफरन्स हवा (तुलनेसाठीची स्वच्छ हवा) असते, दुसऱ्या अंगाला धूर. ७०० अंशांच्या आसपास त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकतात आणि दोन्हीकडच्या प्लॅटिनमच्या थरांमध्ये व्होल्टेज तयार होतं. दोन्हीकडे हवा दिली तर शून्याजवळ यायला हवं. २ टक्के ऑक्सिजनच्या कॅलिब्रेशन गॅसवर, ७०० अंशांना, साधारण ४९ मिलीव्होल्ट. एवढं जमलं तर सेल ठणठणीत आहे.

कणाद_०७: कारच्या धुरातला ऑक्सिजन बघणारा लॅम्डा सेन्सर पण झिर्कोनियाचाच ना? खूप स्वस्त पडेल.

मिलीव्होल्ट: नको. साधा लॅम्डा सेन्सर हवा-इंधनाचं प्रमाण नेमकं जुळतं तिथे ०.१ वरून ०.९ व्होल्टवर उडी मारतो. गाडीला तेवढंच कळायला हवं असतं. तुम्हाला २ की ५ टक्के हे कळायला हवं, आणि त्यासाठी सेलचं तापमान पक्कं धरलेलं लागतं.

भट्टीताई: दोन गोष्टी माझ्याकडून. फ्लँजचं गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा शिरते आणि आकडा फुगतो. उलट, ओल्या बगॅसने जळण अर्धवट झालं की कार्बन मोनॉक्साइड त्या तापलेल्या प्लॅटिनमवर जळतो, ऑक्सिजन खातो आणि आकडा खाली येतो. प्रोबवर शंका घेण्याआधी कार्बन मोनॉक्साइड बघाच. आणि बॉयलर बंद केला तरी प्रोबचा हीटर चालू ठेवा, नाहीतर आम्लयुक्त ओल सेलवर बसते.

ऊसकरी: मनापासून आभार. गॅस लावून पाहिला, ४८ आले. हवेवर १. प्रोब राहतोय. रेफरन्स हवेच्या नळीत मात्र तेलाचा अंश दिसला, चालेल का?

भट्टीताई: अजिबात नाही. ते तेल आत जळून रेफरन्सचाच ऑक्सिजन कमी करेल आणि पॅनेल जास्त दाखवेल. आजच फिल्टर बदला.